रिकाम्या यादीचे तीन अर्थ

बाजार समितीतला लिलाव आटोपला की दिवसाचे भाव संगणकात भरले जातात. लासलगावला कांद्याची आवक किती झाली, किमान दर काय निघाला, कमाल काय, सर्वसाधारण काय. लातूरला सोयाबीनचे तेच, सांगलीला हळदीचे, अकोल्याला तुरीचे. हे आकडे ॲगमार्कनेट या देशव्यापी जाळ्यात जातात. केंद्राच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने मार्च २००० मध्ये ते सुरू केले. तिथून ही यादी सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर येते. ते संकेतस्थळ २०१२ सालचे. नाव नोंदवले की कोणालाही ती तिथून फुकट मागून घेता येते. महाराष्ट्राचे कृषी पणन मंडळही समितीनिहाय रोजचे दर मराठीतून प्रसिद्ध करते. इतकी माहिती रोज उघड्यावर पडलेली असते, आणि तरी बऱ्याच गावांत भाव कळतो तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून, तोही कधीचा आहे हे न कळता.

ही पुस्तिका त्या उघड्यावरच्या यादीपर्यंत जाण्याची आणि ती रोज आपल्याकडे आणण्याची रीत सांगते. वेब सेवेकडून यादी मागायची, ती तपासायची, साठवायची, आणि हे सगळे कोणी बटण न दाबता ठरल्या वेळी व्हावे अशी सोय लावायची. संगणकावर काम करणारे याला वर्कफ्लो म्हणतात. पुस्तिकेतही तोच शब्द ठेवला आहे. उदाहरणासाठी शेतमालाच्या भावांची यादी घेण्याचे कारण साधे आहे. ती सर्वांसाठी खुली आहे, रोज बदलते, आणि एखाद्या यादीला जडू शकतात तेवढी बहुतेक दुखणी तिला जडलेली आहेत. शिवाय तिच्यातला आकडा बरोबर की चूक हे मराठी वाचकाला स्वतःच्या अकलेने ठरवता येते. कांदा क्विंटलला १८ रुपये दिसला, तर कोणी तरी किलोचा दर क्विंटलच्या रकान्यात भरला असावा, हे ओळखायला संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब पाहणारा माणूस, जिल्हा आवृत्तीचा वार्ताहर, कृषी महाविद्यालयातला प्रकल्प करणारा विद्यार्थी, असे वाचक समोर ठेवून प्रकरणे लिहिली आहेत. मुरलेल्या प्रोग्रामरने पहिली काही प्रकरणे चाळून पुढे जायला हरकत नाही. पडताळणीचे प्रकरण मात्र त्यानेही ओलांडू नये. ते ओलांडण्याचा मोह त्यालाच जास्त होतो.

याचे कारण असे की यादी आणणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. आजच्या कोणत्याही भाषेत त्याला दहा-पंधरा ओळी पुरतात, आणि त्या ओळी लिहून देणारी साधनेही आता हाताशी आहेत. म्हणून पुस्तिकेतला त्या भागाचा वाटा मुद्दाम लहान ठेवला आहे. बाकीची सगळी पाने एकाच प्रश्नाभोवती आहेत: आलेली यादी पुरी आहे का, आणि काहीच आले नसेल तर का आले नाही? हा प्रश्न न विचारणारा वर्कफ्लो अजिबात नसलेला बरा, असे माझे मत आहे. हाताने भाव टिपणाऱ्या माणसाला बाजार बंद होता हे ठाऊक असते. यंत्राला ते कोणी सांगितलेले नसते.

आधी वेब सेवा म्हणजे काय ते पाहू. संकेतस्थळाचे पान माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेले असते: रंग, तक्ते, जाहिराती, निवडीच्या पट्ट्या. वेब सेवा ही त्याच माहितीची मागची खिडकी आहे. तिथे ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. या अर्जाचे नमुने काळानुसार बदलत गेले. १९९८ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इतरांच्या खटपटीतून घडत गेलेली सोप ही पद्धत २००० साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपणाच्या रूपात प्रसिद्ध केली. तिच्यात साधी यादी मागायची तरी एक्सएमएलचा लांबलचक मजकूर रचून पाठवावा लागे, आणि उत्तरही तसेच थरावर थर गुंडाळून येई. त्याच साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या आपल्या प्रबंधात रेस्ट ही रचना मांडली. तिचा व्यवहारातला अर्थ असा की यादीला स्वतःचा पत्ता असावा आणि तो उघडला की यादी मिळावी. नंतर डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या जेसन या सुटसुटीत नमुन्याने एक्सएमएलला बरेचसे हटवले. सोप मात्र अजून गेलेले नाही. जुन्या कार्यालयीन प्रणाल्यांच्या पोटात ते आजही चालते, म्हणून पुस्तिकेत त्यालाही एक छोटे प्रकरण आहे.

खुल्या डेटाची सेवा रेस्ट पद्धतीची आहे. पत्त्यातच आपली एपीआय-की (नाव नोंदवल्यावर मिळणारी ओळखीची किल्ली), उत्तर जेसनमध्ये हवे की एक्सएमएलमध्ये की सीएसव्हीमध्ये, किती ओळी हव्यात आणि किती ओळी सोडून पुढच्या हव्यात, एवढे सांगायचे. राज्य, जिल्हा, बाजार किंवा शेतमाल यांची चाळणी लावता येते. उत्तरातल्या प्रत्येक ओळीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर येतात. दर रुपयांत, क्विंटलमागे. याच उत्तरात एक आकडा असतो: एकूण ओळी किती आहेत याचा. नवशिका सहसा तो न पाहता थेट ओळींकडे जातो, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो.

कारण पूर्ण यादी एका दमात देणारी सेवा जवळजवळ नसतेच. खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर सरावासाठी दिलेल्या नमुना-कीने एका वेळी १० ओळी मिळतात. त्या येतात, तक्त्यात बसतात, त्यांचा आलेखही निघतो, आणि कुठेही लाल अक्षरात काही दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधल्या यादीकडे रेस्ट सेवेने मर्यादा न सांगता मागणी केली, तर पहिल्या १०० नोंदी येतात. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याच्या सेवेकडे एखाद्या वर्गातल्या पानांची यादी मागितली, तर साध्या सदस्याला एका खेपेत ५०० च्या वर देत नाहीत. या मर्यादा वाईट नाहीत. हजारो लोक एकाच वेळी मागणी करत असताना सेवा कोलमडू नये म्हणून त्या घातलेल्या असतात. पण मर्यादेशी येऊन थांबलेली यादी आणि खरोखर तिथे संपलेली यादी दिसायला सारख्याच असतात. तेव्हा पान संपले की पुढचे मागायचे, आणि हातात आलेल्या ओळींची बेरीज सेवेने सांगितलेल्या एकूण आकड्याशी जुळेपर्यंत मागत राहायचे.

त्यातही एक मेख आहे. भावांची यादी आपण मागत असतानाच कुठल्या तरी समितीत भरली जात असते. समजा पहिल्या पानाच्या ५०० ओळी घेतल्या आणि दुसरे पान मागेपर्यंत यादीच्या वरच्या भागात तीन नव्या ओळी शिरल्या. आता सगळ्या ओळी तीन घरे खाली सरकल्या, आणि दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन ओळी पुन्हा येतात. वरच्या तीन ओळी काढल्या गेल्या असतील तर याच्या उलट होते: तीन ओळी दोन पानांच्या मधल्या फटीत पडतात आणि कोणालाच मिळत नाहीत. दुबार ओळ निदान दिसते. फटीत पडलेली दिसत नाही. मीडियाविकी आणि शेअरपॉइंट यांनी यावर उपाय म्हणून ओळी मोजण्याऐवजी खूणचिठ्ठी देण्याची पद्धत ठेवली आहे: आधीचे पान जिथे संपले तिथली खूण परत पाठवायची आणि तिथून पुढचे घ्यायचे. जिथे अशी सोय नाही, तिथे सुरुवातीचा एकूण आकडा आणि शेवटचा एकूण आकडा ताडून पाहायचा आणि फरक पडला असेल तर पहिल्यापासून पुन्हा आणायचे. दुबार ओळींसाठी तारीख, बाजार, शेतमाल, वाण आणि प्रत या पाचांची मिळून एक ओळख ठरवायची. तीच ओळख पुन्हा आली तर नवी ओळ न जोडता जुनी अद्ययावत करायची. वर्कफ्लो एकदा चालवला काय आणि चुकून चार वेळा चालवला काय, साठा तोच राहिला पाहिजे.

आता या पुस्तिकेचा गाभा. संध्याकाळी वर्कफ्लोने लासलगावच्या कांद्याचा भाव मागितला आणि उत्तर आले: यादी रिकामी. सेवेने सर्व काही ठीक असल्याचा २०० हा संकेत दिला आहे, चूक झाल्याचा कुठला संदेश नाही, फक्त ओळ एकही नाही. याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, बाजार खरेच बंद होता: रविवार असेल, सण असेल, अमावस्या असेल (अमावस्येला लिलाव न करण्याची प्रथा कित्येक बाजारांत होती), नाही तर व्यापाऱ्यांचा बंद असेल. दोन, लिलाव झाला पण आकडे अजून भरलेले नाहीत किंवा भरायचे राहून गेले. तीन, बाजारही चालू होता आणि आकडेही भरले होते, पण आपली मागणीच चुकली: बाजाराच्या नावाचे स्पेलिंग यादीतल्या स्पेलिंगशी जुळत नव्हते, किंवा तारीख उलटी लिहिली गेली. तिन्हींची उत्तरे अक्षरशः एकसारखी दिसतात. जेसनमध्ये ती दोन चौकोनी कंस असतात, आत काही नसते.

बहुतेक घरगुती वर्कफ्लो इथे दोनपैकी एक चूक करतात. काही जण रिकाम्या जागी शून्य घालतात, आणि आठवड्याची सरासरी भुईसपाट होते. काही जण कालचा भाव आज पुढे ओढतात, आणि बंद बाजार चालू असल्यासारखा दिसतो. दुसरी चूक जास्त सभ्य दिसते, म्हणून ती जास्त घातक. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले तेव्हा नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली आणि लिलाव पुन्हा विस्कळीत झाले. म्हणजे ज्या दिवशी भावाची बातमी सर्वांत मोठी होती, नेमक्या त्याच दिवशी भाव नव्हता. अशा जागी कालचा आकडा ओढून रेघ सरळ केली, तर वर्षातले सगळ्यात महत्त्वाचे दिवस आलेखातून पुसले जातात आणि आलेख उलट जास्त नीटस दिसतो. कोऱ्या जागा यादीत कुठेही सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या आपल्या कारणांनिशी येतात, आणि कारण नोंदवणे हे भाव नोंदवण्याइतकेच वर्कफ्लोचे काम आहे.

ते करायचे कसे? एका रिकाम्या उत्तरावर विश्वास न ठेवता शेजारच्या गोष्टी विचारून. त्याच बाजाराच्या दुसऱ्या शेतमालाची ओळ आली आहे का? आली असेल तर समितीने आज आकडे भरले आहेत, कांदाच नव्हता. पिंपळगावचा कांदा आला आहे का? येवल्याचा? आसपासचे सगळेच कोरे असतील तर बंदचा संशय घ्यावा. आणि राज्यभरातून एकही ओळ नसेल तर दोष आपल्या मागणीत किंवा सेवेत शोधावा, बाजारात नाही. सुट्ट्यांची यादी वेगळी ठेवावी. रात्री उशिरा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारावे, कारण उशिरा भरलेला आकडा हाही आकडाच असतो. एवढे करून प्रत्येक कोऱ्या जागेपुढे उशिरा आला, बाजार बंद, भरलेला नाही, मागणी फसली यांपैकी एक शेरा लिहिला गेला पाहिजे. चारही लागू होत नसतील तर ‘ठाऊक नाही’ असे लिहावे. पाचवा शेरा लाजिरवाणा मुळीच नाही.

नावांचे प्रकरण मराठी माणसाला खास छळते. केंद्राच्या यादीत बाजारांची नावे रोमन लिपीत आहेत, पणन मंडळाच्या यादीत देवनागरीत. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड ही तीन वेगळी ठिकाणे आहेत. पुणे, पुणे-पिंपरी, पुणे-मोशी, पुणे-खडकी ही चार. नावात ‘पुणे’ आले की घ्या, अशी चाळणी लावणाऱ्याला चारही एकत्र मिळतील. पणन मंडळाच्या यादीत कांद्याच्या एका प्रकारालाच ‘चिंचवड’ म्हणतात, त्यामुळे सगळ्या रकान्यांत चिंचवड शोधणाऱ्याच्या हाती आळेफाट्याचा भाव लागू शकतो. परिमाणाचा रकाना वेगळा असतो तेही लक्षात ठेवावे: कोथिंबीर काही समित्यांत क्विंटलने नोंदवतात, काही ठिकाणी नगाने. दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर ती कशाचीच सरासरी नसते.

त्यात जिल्ह्यांची नावे बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. सरकारी नाव एका दिवशी बदलते. याद्यांमधले नाव प्रत्येक खात्याच्या सवडीने बदलते, आणि मधल्या काळात एका यादीत जुने, दुसरीत नवे असा कारभार चालतो. नावावरून दोन याद्या जोडणाऱ्याला एक अख्खा जिल्हा गायब झालेला दिसतो. यावर उपाय आहे तो नावाऐवजी क्रमांक धरण्याचा. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत राज्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. नाव बदलले म्हणून जोडणी तुटू नये यासाठी तो आपल्या तक्त्यात आणून ठेवावा, आणि जुन्या-नव्या नावांची सांगड घालणारा छोटा तक्ता हाताने, एकदाच, काळजीपूर्वक तयार करावा.

देवनागरीची स्वतःचीही एक खोड आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव यंत्रात दोन रीतींनी साठवता येते. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी, यंत्राच्या लेखी निराळी. युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया हा फरक मिटवत नाही, कारण ते अदृश्य चिन्ह ती काढून टाकत नाही. म्हणून मराठी नावे ताडण्याआधी ही दोन रूपे एक करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. कोणी तरी ‘कराड’ असेही भरतो, ते वेगळेच. परदेशी लेखकांच्या पुस्तकांत हा प्रश्न भेटत नाही, म्हणून इथे त्याला सविस्तर जागा दिली आहे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोन टिचक्यांनी उघडल्यावर मराठीची जी चिरफाड होते तीही त्याच प्रकरणात आहे. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण घातली की ती टळते.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. ठरल्या वेळी काम चालवण्यासाठी युनिक्समध्ये क्रॉन आहे, आणि त्याची पाच रकान्यांची ओळ आजही पुष्कळ साधने जशीच्या तशी वापरतात. भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. संध्याकाळी साडेसातला चालावे असे वाटत असेल तर त्याला दुपारचे दोन सांगावे लागतात. रात्री दोन वाजता चालवलेल्या कामाला तर तो कालची तारीख लावतो. केंद्राच्या यादीत तारीख दिवस, महिना, वर्ष अशी येते. अमेरिकी रिवाजाचे साधन ३ एप्रिलला ४ मार्च समजते आणि तक्रार करत नाही. तक्रार येते ती महिन्याच्या १३ तारखेला, कारण तेरावा महिना त्याला सापडत नाही. तोवर आधीच्या जवळजवळ सगळ्या दिवसांचा साठा बिघडलेला असतो. म्हणून तारखेचा नमुना साधनाच्या अंदाजावर सोडू नये.

आणखी एक सवय. सेवेकडून आलेले उत्तर जसेच्या तसे, वेळेच्या शिक्क्यासह, आधी बाजूला साठवावे; सगळी साफसफाई त्याच्या प्रतीवर करावी. रोजच्या भावांची यादी ही आजची यादी असते, ती उद्या त्याच पत्त्यावर मिळेलच असे धरून चालू नये. सफाईचा नियम चुकला होता असे महिन्याने लक्षात आले, तर मूळ उत्तरे हाताशी असलेल्याला सगळे पुन्हा करता येते.

सेवेशी वागण्याची रीत हा विषय मी पुस्तिकेत दोन पानांत संपवला आहे, कारण तो समजुतीचा भाग आहे. ४२९ हा संकेत आला तर आपण फार घाईने मागत आहोत, ५०३ आला तर पलीकडची सेवा सध्या उपलब्ध नाही. दोन्ही वेळी थांबायचे आणि दर खेपेला थांबण्याचा काळ वाढवत न्यायचा. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मागणी लावू नये. तेव्हा सगळेच लावतात. एपीआय-की कोडमध्ये लिहू नये आणि व्हॉट्सॲपवर पाठवू नये. सरकारी खुल्या डेटाचा परवाना २०१७ सालचा आहे; तो वापराला मोकळीक देतो आणि स्रोताचा उल्लेख मागतो. तेवढा करावा.

साधने कोणती, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि त्याला सर्वांत कमी महत्त्व आहे. एका समितीचे दोन-चार शेतमाल पाहायचे असतील तर गूगल शीट आणि तिच्यातली ॲप्स स्क्रिप्ट पुरेशी आहे. तिला एका खेपेत सहा मिनिटांची मर्यादा असते, आणि एवढ्या कामाला ती मुबलक होते. राज्याची यादी हवी असेल तर पायथन, क्रॉन आणि एक लहानसा डेटाबेस. चौकटी जोडत जाऊन वर्कफ्लो बांधण्याची पॉवर ऑटोमेट किंवा एनएटएन यांसारखी साधने सुरुवातीला हुरूप देतात. पण चौकटींची संख्या वाढली की आत काय चालले आहे हे बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. साधन निवडताना कसोटी एकच लावावी: तुम्ही नोकरी सोडून गेलात तर मागे राहिलेल्याला ते दुरुस्त करता येईल का?

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत काम करणाऱ्या वाचकाच्या मनात आतापर्यंत शेअरपॉइंट आले असेल. तिथेही याद्याच आहेत: रजेच्या, खरेदीच्या, तक्रारींच्या. शेअरपॉइंटच्या जुन्या सोप सेवेने या याद्या आणणारे कित्येक वर्कफ्लो एकेकाळी बांधले गेले. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधून २०१० च्या पिढीचे वर्कफ्लो नोव्हेंबर २०२० मध्ये बंद केले, आणि २०१३ च्या पिढीला एप्रिल २०२६ ची मुदत दिली. त्यामुळे चालू असलेले काम उपटून पॉवर ऑटोमेटमध्ये लावण्याची वेळ अनेकांवर आली. त्यांच्यासाठी परिशिष्टात तीन गोष्टी दिल्या आहेत. पाच हजारांहून जास्त नोंदींची यादी चाळताना ज्या रकान्यावर चाळणी लावायची त्याची अनुक्रमणिका आधी केलेली असावी. दुसऱ्या यादीतून उचललेला रकाना सोप उत्तरात आपल्या क्रमांकाला चिकटून येतो, तो क्रमांक तोडून घ्यावा. आणि रकान्याला थेट मराठी नाव देऊ नये. शेअरपॉइंट आतल्या आत प्रत्येक देवनागरी चिन्हाचे सात अक्षरी सांकेतिक रूप करते आणि एकूण नाव ३२ अक्षरांवर तोडते. ‘गावाचे नाव’ आणि ‘गावाचे क्षेत्रफळ’ या दोन रकान्यांची आतली नावे मग जवळजवळ सारखीच उरतात. रकाना रोमन अक्षरांत करावा आणि नंतर दिसणारे नाव मराठी करावे; आतले नाव पहिलेच राहते.

भावांच्या यादीकडून काय अपेक्षा ठेवू नये हेही इथेच सांगून टाकतो. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक माल ज्या दराने गेला तो दर. तुमच्या ट्रॉलीतल्या कांद्याला तो मिळेल असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. हमाली, तोलाई, वाहतूक त्यात नाही. चाळीतला कांदा आणखी पंधरा दिवस टिकेल की सडेल हे तर कोणत्याच सेवेला ठाऊक नाही. चांगला वर्कफ्लो शेतकऱ्याला किंवा वार्ताहराला एवढेच सांगू शकतो की काल कुठे काय झाले आणि त्या सांगण्यावर किती भरवसा ठेवावा. भाव वर जाणार की खाली, हे सांगणाऱ्याची दुकाने वेगळी आहेत.

वाचकाला एक विनंती. या यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या तरी समितीच्या कार्यालयात एका कर्मचाऱ्याने टंकलेली असते, बहुधा दिवसाच्या शेवटी, इतर कामे उरकून. तुमच्या वर्कफ्लोला किमान दर कमाल दरापेक्षा मोठा सापडला, एखाद्या समितीचे आकडे आठवडाभर आलेच नाहीत असे दिसले, तर आपल्या तक्त्यात ते दुरुस्त करून गप्प बसू नका. संकेतस्थळावर अभिप्रायाची सोय आहे, समितीचा दूरध्वनी उपलब्ध असतो. तारीख, बाजार, शेतमाल आणि दिसलेला आकडा एवढे चार तपशील कळवा. मूळ यादी सुधारली तर ती मागणाऱ्या सगळ्यांचीच सुधारते.